दहाव्या रेकॉर्डची मागची बाजू

१

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनच्या ठोक्याला, जपानमधल्या मोरिओका गावातल्या ‘शिराकाबा’ नावाच्या कॉफीच्या दुकानात पंधरा-वीस माणसं गप्प बसायला जमत. हो, गप्प बसायलाच. सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, कपाटाएवढ्या दोन स्पीकरांकडे तोंड करून मांडलेल्या. दारातच पाटी होती: ‘रेकॉर्ड चालू असताना बोलू नये.’ मालकीणबाई नुमाता-सान कपसुद्धा इतक्या हळू ठेवायच्या की कॉफी आली हे वासावरून कळायचं.

खेळ साधा होता. व्हायोलिनचा एखादा मोठा कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्या व्हायोलिनवाल्याने अख्ख्या वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, घ्यायचा, त्याचा एकच भाग निवडायचा, आणि तो पाच वेगवेगळ्या वादकांच्या रेकॉर्डवरून लागोपाठ ऐकायचा. रेकॉर्ड लावायचं यंत्र पडद्यामागे. वादकाचं नाव सांगायचं नाही, नुसता नंबर. ज्याने त्याने कार्डावर आपलं मत लिहायचं. मग नुमाता-सान पडद्याबाहेर येऊन कार्डं वाचणार, आणि शेवटी कुजी-सेन्सेई निकाल देणार.

सेन्सेई म्हणजे गुरुजी, आणि त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एके काळी टोकियोतल्या संगीताच्या मासिकात त्यांचं मोठं नाव होतं. बावीस वर्षांपूर्वीचा त्यांचा ‘दहा डी मेजर’ हा लेख तर दुकानात चौकटीत लावला होता. डी मेजर या पट्टीतल्या एकाच थोरल्या कॉन्चेर्टोच्या दहा रेकॉर्ड त्यांनी त्यात तुलनेला घेतल्या होत्या. कुजी मात्र त्या भिंतीकडे कधी बघत नसत. लोकांना वाटे, काय हा विनय!

“अहो सेन्सेई,” दातांचे म्हातारे डॉक्टर एसाशी दर वेळी म्हणत, “माझ्यासमोर लोक चाळीस वर्षं तोंड उघडून बसले. तुमच्यासमोर उघडायची एकाची छाती नाही!”

डिसेंबरच्या बैठकीत नुमाता-साननी तोच डी मेजर काढला, त्यातला मधला संथ भाग. या भागात गंमत अशी, की सुरुवातीची दोन मिनिटं ओबोच गातो. ओबो म्हणजे आपल्या सनईची तिकडची बहीण. तोवर व्हायोलिनवाल्याने सगळ्यांसमोर नुसतं उभं राहायचं आणि आपली पाळी यायची वाट बघायची.

तिसरा नंबर चालू होता. ओबो संपत आला, आणि कुजींना श्वास ऐकू आला.

नाकाने झटकन आत ओढलेला, छोटा श्वास. गज तारेवर टेकवायच्या आधी वादक घेतात तसा. त्यात नवल काही नाही, पुष्कळ रेकॉर्डवर ऐकू येतो. पण ही रेकॉर्ड कुजींना तोंडपाठ होती. हिच्यावर असा श्वास नव्हता. आणि शिवाय तो बाईचा श्वास होता, वाजवणारा होता पुरुष.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीची भांडीसुद्धा न विसळता, कुजींनी घरची तीच रेकॉर्ड लावली. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. रॉकेलची शेगडी बंद केली, कारण ती कुरकुरते. घड्याळ उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

ओबो गायला, आणि श्वास आला.

मनात म्हणाले, चला, म्हणजे रेकॉर्डवर आहे तर. माझंच आजवर लक्ष नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला एवढं कबूल करायला काय जातंय? मग त्यांनी दुसरी रेकॉर्ड काढली. वेगळं गाव, वेगळा वाद्यवृंद, ध्वनिमुद्रण दहा वर्षं आधीचं.

त्याच जागी तोच श्वास. आणि किंचित जवळून.

सुई बदलली. तारा तपासल्या. मग अगदी लहान मुलासारखं नाक चिमटीत धरून ऐकलं, आपलाच तर नाही ना म्हणून. आपला नव्हता. दुपारपर्यंत सात रेकॉर्ड झाल्या. सातही ठिकाणी आधी तो श्वास यायचा, मग रेकॉर्डवरचा वादक वाजवायला लागायचा. श्वास घेणारी मात्र तशीच राहून जायची. तिने घेतलेला श्वास सोडल्याचं कुठेच ऐकू येत नव्हतं.

आठवी रेकॉर्ड काढायला ते कपाटापाशी गेले आणि हात मागे घेतला. खरं सांगायचं तर तो कुणाचा, हे पहिल्या श्वासालाच त्यांना कळून चुकलं होतं. सुया बदलणं वगैरे सगळी स्वतःच्या डोळ्यांत केलेली धूळफेक होती.

टेबलावर आठवड्यापूर्वी आलेलं काळ्या कडेचं पोस्टकार्ड पडलं होतं. ‘माझी थोरली बहीण अराया मिचिए ऑक्टोबरमध्ये वारली. घरात सुतक असल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवता येत नाहीत, क्षमा असावी.’

३

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. कुजींनी ती कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

‘दहा डी मेजर’साठी नऊ रेकॉर्ड बाजारातल्या होत्या. दहावी बाजारात यायची होती. अराया मिचिए, वय तेवीस, मोरिओकाचीच पोरगी. कंपनीने कोऱ्या पांढऱ्या लेबलाची नमुन्याची प्रत धाडली होती. कुजींनी तिची पहिली बाजू, म्हणजे कॉन्चेर्टोचा पहिला भाग ऐकला. बरा होता. मागच्या बाजूला संथ भाग आणि शेवटचा भाग असणार हे ठरलेलंच. या कॉन्चेर्टोच्या रेकॉर्डची वाटणी अशीच असते. पण लेख त्याच संध्याकाळी द्यायचा होता, नऊ वेळा तोच ओबो ऐकून कान विटले होते, आणि बाहेर चेरी फुलल्या होत्या. आता तेवीस वर्षांची पोर संथ भाग कसा वाजवणार हे ऐकायला कशाला हवं, एवढं आपल्याला कळत नाही का, असं त्यांना वाटलं. त्यांनी रेकॉर्ड उलटलीच नाही.

आणि लिहिलं: ‘ओबो तिला एवढं देऊन जातो, आणि ती मात्र रिकाम्या हाताने आत येते.’

वाक्य झकास जमलं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. दहात ती दहावी.

मासिक छापून आल्यावर, रेकॉर्ड कपाटात ठेवताना, त्यांच्या बोटांना ते लागलं. मागची बाजू ताटासारखी गुळगुळीत होती. एक रेघ नाही. तेव्हा कंपन्या कधी कधी एकाच बाजूची नमुन्याची प्रत पाठवत. कव्हरात एक चिठ्ठी होती, तीही त्यांनी पाहिली नव्हती: ‘कलावतीच्या इच्छेवरून दुसरी बाजू पुन्हा ध्वनिमुद्रित होत आहे. आठवडाभरात पाठवतो. कृपया थांबावे.’

दुसरी बाजू आली, ती लेख छापून झाल्यावर. कुजींनी पार्सलाची सुतळीही सोडली नाही. कपाटात सगळ्यात मागे ढकलून दिलं.

आणि मुलगी? तिच्या दुसऱ्या रेकॉर्डचं बोलणं चालू होतं, ते बंद झालं. ती गावी परतली आणि मुलांच्या शिकवण्या करू लागली. लेख छापला गेला तेव्हा दुसरी बाजू जगात अस्तित्वातच नव्हती, हे तिला तर पक्कं ठाऊक होतं. एक ओळ मासिकाला लिहिली असती तर कुजींचं नाव मातीत गेलं असतं. तिने लिहिली नाही. त्याऐवजी दर नववर्षाला, बावीस वर्षं, तिचं एक कार्ड येई. छापील चित्र, आणि खाली शाईने सगळेच लिहितात ते एक वाक्य: ‘यंदाही लोभ असावा.’

कुजी स्वतः मोरिओकात राहायला आले त्याला आता सहा वर्षं झाली होती. तिचं घर नदीपलीकडे, चालत वीस मिनिटांवर. ते एकदाही गेले नाहीत. कुठल्या तोंडाने जाणार?

४

“श्वास? नाही हो, मी नाही ऐकला,” कप पुसता पुसता नुमाता-सान म्हणाल्या. दुकानात त्या दोघांखेरीज फक्त एसाशी होते, वर्तमानपत्रात डोकं घालून. “मला आपलं पडद्यामागे गार वाटत होतं त्या दिवशी. खिडकीची फट असेल. बरं, पुढच्या बैठकीला काय आहे माहीत आहे ना? तीनशेवी!”

“तीनशे वेळा गप्प बसलो आपण,” एसाशी म्हणाले. “माझ्या बायकोला सांगा जरा, तिचा विश्वास बसत नाही.”

“आणि ऐका तर खरं. अराया-सानच्या बहिणीने खोकं पाठवलंय. मिचिए-सानकडे स्वतःची रेकॉर्ड होती ना, ती. म्हणाली, ताईची फार इच्छा होती, शिराकाबात एकदा लागावी. जानेवारीत पाचांत एक ती लावते. कितवी ते नाही सांगणार!”

“नको,” कुजी म्हणाले.

दोघांनी वर पाहिलं.

“म्हणजे... बरं दिसणार नाही. माणूस नुकतंच गेलंय.”

“अहो, म्हणूनच तर!” नुमाता-सान म्हणाल्या. “तुम्ही शेवटची ठेवलीत म्हणून वाईट वाटतंय का तुम्हाला? तिने कधी मनात ठेवलं नाही हो. इथे यायची ना ती, आठवड्यात एखाद्या दिवशी. त्या तुमच्या लेखाखालच्याच खुर्चीवर बसायची. रविवारी मात्र कधी नाही आली. मी म्हटलं, या की, सेन्सेई असतात. तर म्हणाली, त्यांना अवघडल्यासारखं होईल.”

कुजींचे कान पेटले. त्याच खुर्चीवर ते त्या क्षणी बसले होते. कॉफी अर्धी टाकून उठले, आणि बाहेर आल्यावर कळलं की मफलर आतच राहिला. तो आणायलाही ते परत गेले नाहीत.

५

बैठकीच्या आदल्या सकाळी त्यांनी कपाटाच्या तळातून दोन्ही गोष्टी काढल्या. सुतळी बांधलेलं पार्सल, आणि ती एका बाजूची रेकॉर्ड.

पार्सल सोडायचं, ऐकायचं, आणि उद्या सगळ्यांसमोर कबूल करून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चहा केला. पुन्हा चहा केला. सुतळीची गाठ नखाने उकलेना, आणि कात्री आणायला काही केल्या पाय उचलेना.

मग रेकॉर्ड हातात घेऊन खिडकीशी गेले. बर्फाचा उजेड होता. कोरी बाजू वर केली.

रेकॉर्डवेडे लोक एका खुणेला ‘मिशा’ म्हणतात. रेकॉर्ड यंत्रावर ठेवताना मधलं भोक खुंटीवर नीट बसलं नाही, की लेबलावर भोकाभोवती बारीक चरे उमटतात. जुनी रेकॉर्ड विकत घेताना लोक आधी मिशा बघतात. मिशा नाहीत, म्हणजे ती बाजू कुणी लावलेली नाही.

कोऱ्या बाजूच्या लेबलावर मिशा होत्या. गच्च. कुणीतरी अंधारात चाचपडत पुन्हा पुन्हा लावायचा प्रयत्न करावा तशा. बावीस होत्या की त्याहून जास्त, ते कुजींनी मोजलं नाही.

असं कसं होईल? ही रेकॉर्ड त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात गेली नव्हती. बायकोने लावली असेल? तिला यंत्र लावताही येत नसे. आधीपासूनच असतील, आपण बघितल्या नसतील. हो, तसंच. आपण कुठे काय बघितलं होतं!

त्यांनी रेकॉर्ड कोरी बाजू वर करून यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली. रेघच नाही, तर सुईने घसरून जायला हवं होतं. ती घसरली नाही.

आवाज आला तो एका मोठ्या खोलीचा. म्हणजे कुणी वाजवत नव्हतं, पण माणसं होती. एक खुर्ची करकरली. कुणीतरी स्वरलिपीचं पान उलटलं. कुणीतरी घसा साफ करता करता थांबलं. सगळे कुणासाठी तरी खोळंबले होते, आणि कंटाळले नव्हते. मग अगदी पुढ्यात, नाकाने, झटकन एक श्वास.

कुजींनी सुई उचलली. खोलीचा आवाज लगेच थांबला नाही. सुई हवेत होती, आणि ती मंडळी अजून थोडा वेळ तशीच बसून होती.

६

तीनशेव्या बैठकीला बर्फातूनही तीस माणसं आली. कुजींच्या कोटाला कुणीतरी कागदाचं फूल लावलं. एसाशींनी भाषण केलं, चौकटीतल्या लेखातलं ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं, लोक हसले. कुजीही हसले. त्या हसण्याची त्यांना नंतर शिसारी आली.

पहिले तीन नंबर झाले. प्रत्येकात श्वास होता. चौथा लागला.

ओबो सुरू झाला आणि कुजींना कळलं, हीच. त्यांनी कान टवकारले, मन लावून, आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं तसं. आज ऐकतो, निदान आज ऐकतो, असं ते मनात म्हणत होते. ओबोने सगळं सांगून संपवलं. श्वास आला, त्यांच्या उजव्या कानापाशी.

आणि मग काहीच नाही.

वाद्यवृंद खालून हळूहळू चालला होता. व्हायोलिन नव्हतं. जिथे ते असायला हवं तिथे ती खोली होती, खोळंबलेली. कुजींनी बाजूला पाहिलं. एसाशींनी चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला होता. पलीकडच्या शिक्षिकाबाईंची मान एका लयीत हलत होती, आणि ती लय वाद्यवृंदाची नव्हती. सगळ्यांना ऐकू येत होतं, फक्त यांना नाही.

चौथा संपला, पाचवा झाला. कार्डं भरायची वेळ आली. कुजींच्या हातात पेन्सिल होती. ‘मला चौथ्यात व्हायोलिन ऐकू आलं नाही.’ एवढंच लिहायचं होतं. त्यांनी एसाशींच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लिहिलं: ‘चौथा नंबर सर्वांत श्रेष्ठ. ओबो जेवढं देतो, त्याच्या दुप्पट ती परत करते.’

लिहून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते. बावीस वर्षांनी, तीच बाजू न ऐकता.

नुमाता-साननी बाहेर येऊन कार्डं वाचली. चौथ्याचं नाव सांगितलं तेव्हा दुकानात टाळ्या पडल्या. “दहाव्यावरून पहिली!” एसाशी ओरडले. “स्वतःचा शब्द फिरवायला मन मोठं लागतं हो! वा, सेन्सेई!” शिक्षिकाबाईंनी तर वाकून नमस्कार केला.

“पुन्हा लावा,” कुणीतरी म्हणालं. “सेन्सेईंसाठी.”

७

नुमाता-साननी आत जाऊन सुई टेकवली, आणि ऐकायला या वेळी पहिल्यांदाच बाहेर येऊन कुजींशेजारी बसल्या. म्हणजे पडद्यामागे आता कुणी नव्हतं.

पडद्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर होती. तिथे काळ्या बुटांचे दोन चवडे होते. एक जरा पुढे, एक मागे. व्हायोलिनवाले उभे राहतात तसे. पडद्याच्या कडेशी, खांद्याच्या उंचीवर, गजाचं टोक दिसत होतं. ते अजिबात हलत नव्हतं. किती वेळ हात असा वर धरून ठेवायचा माणसाने!

ओबो संपत आला. कुजींना राहवलं नाही. पाटी विसरून ते मोठ्याने म्हणाले, “मी ऐकलं नव्हतं. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.”

“श्श्!” चारी बाजूंनी आलं. एसाशींनी मायेने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कानात पुटपुटले, “नंतर बोला, सेन्सेई. थांबा जरा.”

ते थांबले. सगळ्यांनी डोळे मिटून व्हायोलिन ऐकलं, आणि कुजींनी त्या गजाच्या टोकाकडे पाहत राहून शेवटपर्यंत ती शांतता ऐकली.

रेकॉर्ड संपली. एसाशी वळले. “हं, बोला आता. मघाशी काय म्हणत होतात?”

तीस चेहरे त्यांच्याकडे लागले होते, कौतुकाने भरलेले. पडद्याखाली ते चवडे अजून तसेच. कुजींनी बोलण्यासाठी श्वास घेतला, नाकाने, झटकन. आता कुणीही अडवणारं नव्हतं. मघाचेच तीन शब्द होते: मी ऐकलं नव्हतं.

“सुरेख,” ते म्हणाले. “सुरेखच वाजवलंय.”

टाळ्यांच्या कडकडाटात, फक्त त्यांना, पडद्यामागून कुणीतरी श्वास सोडल्याचा आवाज आला. लांब, दमलेला. राग नव्हता त्यात. वाद्य खाली ठेवताना माणूस सोडतो तसा. त्यांनी पाहिलं तेव्हा पडद्याखाली नुसती फरशी होती.

घरी आल्यावर त्यांनी कात्रीने सुतळी कापली आणि पार्सलातली रेकॉर्ड लावली. मग दुसरी, मग तिसरी, कपाटातल्या सगळ्या. श्वास कुठेच नव्हता. व्हायोलिनही कुठेच नव्हतं. कुणाचंच. वाद्यवृंद येतो, वाट करून देतो, आणि आत कुणी येत नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. त्या चौथ्या नंबरावर त्यांनी लिहिलेला नवा लेख चौकटीत लागला आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनला, कुजी-सेन्सेई अजूनही पहिल्या रांगेत बसतात, शेजाऱ्यांचे चेहरे बघून घेतात, आणि कार्ड भरतात.